हल्ला नसलेल्या दिवशी खंदकात काय चालत असे?

आपले पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘फ्रान्सच्या लढाईला’ गेले होते असे घरात सांगतात, पण त्यापलीकडे कोणाला काही ठाऊक नाही, असे आपण लिहिले आहे. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: सैनिक चार वर्षे सलग खंदकातच राहत होते का, दिवसभर ते करत काय होते, आणि एवढे सगळे त्यांनी सोसले तरी कसे. त्या युद्धातील पलटणींच्या रोजनिशा, वैद्यकीय अहवाल आणि सैनिकांची पत्रे वाचणे व ती कशी वाचावीत हे विद्यार्थ्यांना शिकवणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. खंदक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हल्ल्याचा दिवस उभा राहतो: शिट्टी वाजते, माणसे शिड्यांवरून वर चढतात आणि मशीनगनच्या माऱ्यात कोसळतात. तसे दिवस होते आणि ते भयंकर होते, पण बहुतेक सैनिकांच्या वाट्याला ते वर्षातून मोजकेच येत. उरलेले दिवस पाणी उपसण्यात, माती रचण्यात, ओझी वाहण्यात, पहाऱ्यात आणि वाट पाहण्यात जात. त्या दिवसांत माणूस कशाने झिजत होता आणि ती झीज थोपवण्यासाठी सैन्य काय करत होते, हे समजून घेतले तर आपल्याला हवे ते उत्तर बरेचसे हाती येते.

मात्र ‘खंदकातील जीवन असे होते’ असे सरसकट विधान करता येत नाही. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये मार्न आणि एन नद्यांकाठच्या लढायांनंतर दोन्ही बाजू जमिनीत रुतल्या आणि उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची आघाडी तयार झाली. या पट्ट्यात जमीन जागोजागी निराळी होती. बेल्जियममधील फ्लँडर्समध्ये हात-दोन हात खणले की पाणी लागे, म्हणून तिथे कित्येक ठिकाणी खाली खणण्याऐवजी पोत्यांची तटबंदी वर उभारावी लागे. फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात खडूचा दगड होता. तिथे जर्मनांनी कित्येक मीटर खोल, कोरडी भुयारी घरे खोदली. तुर्कस्तानातील गॅलिपोलीत चिखलापेक्षा पाण्याची टंचाई, माश्या आणि आमांश यांनी माणसे हैराण झाली, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, एकाच खंदकात हिवाळ्यात पूर येई व उन्हाळ्यात माणूस उष्माघाताने पडे. म्हणून कोणी मला एखादा प्रसंग सांगितला की मी आधी जागा कोणती, महिना कोणता, वर्ष कोणते आणि सैन्य कोणाचे एवढे विचारतो. १९१४ च्या हिवाळ्यातील खंदक आणि १९१७ चा खंदक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता पहिला प्रश्न. सैनिक सलग पुढच्या रांगेत राहत नव्हते. निदान ब्रिटिश सैन्यात पाळ्या ठरलेल्या होत्या: काही दिवस अगदी पुढच्या खंदकात, काही दिवस त्यामागच्या आधाराच्या रांगेत, मग राखीव जागेत आणि त्यानंतर मागच्या गावात विश्रांतीला. चार्ल्स कॅरिंग्टन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१६ सालचा आपला हिशेब मांडून ठेवला आहे. त्या वर्षी तो ६५ दिवस पुढच्या खंदकात, ३६ दिवस आधाराच्या रांगेत, १२० दिवस राखीव जागेत आणि ७३ दिवस विश्रांतीच्या ठिकाणी होता. बाकीचे दिवस रजा, प्रवास, प्रशिक्षण, आजारपण यांत गेले. ही एका अधिकाऱ्याची गोष्ट आहे आणि ती सर्वांना जशीच्या तशी लागू पडत नाही. मनुष्यबळ कमी पडले की पाळी लांबे, आणि ‘विश्रांती’त असलेल्या शिपायांनाही रात्री खणायला व ओझी वाहायला नेत, त्यामुळे त्या शब्दाने फसू नये. तरीही या पाळ्या समजल्याशिवाय माणसे टिकली कशी हे कळत नाही. १९१६ मध्ये व्हर्दँच्या लढाईत फ्रेंच सेनापती पेतँ यांनी डिव्हिजनांची, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या दलांची, सतत अदलाबदल चालू ठेवली, त्यामागेही हाच विचार होता.

खंदकाच्या रचनेबद्दल थोडक्यात सांगतो. तो कधीच सरळ रेषेत नसे. दर काही पावलांवर त्याला काटकोनी वळण दिलेले असे, कारण खंदक सरळ असला तर आत पडलेल्या एका गोळ्याच्या ठिकऱ्या लांबवर जातील आणि एका टोकाशी घुसलेला शत्रू सबंध रांग गोळ्यांनी झाडून काढील. या वळणांचा परिणाम शिपायाच्या मनावरही होई, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. दिवसभर त्याच्या दृष्टीस समोरची मातीची भिंत, वरची आकाशाची पट्टी आणि आपल्या कप्प्यातील मोजकी माणसे एवढेच पडे. पलीकडच्या वळणावर काय झाले हे त्याला ऐकूनच कळायचे. शत्रू काही ठिकाणी शंभर पावलांच्या आत असे, पण तो महिनोन्‌महिने दिसत नसे.

दिवसाची सुरुवात पहाटेच्या आधी होई. उजाडताना आणि मावळताना हल्ल्याचा संभव सर्वांत जास्त असतो, म्हणून या दोन्ही वेळी प्रत्येक जण बंदुकीला संगीन लावून, भिंतीला टेकून केलेल्या पायरीवर सज्ज उभा राही. याला ‘स्टँड-टू’ म्हणत. चांगले फटफटले की हा पहारा सुटे. ब्रिटिश तुकड्यांत साधारण याच वेळी रमचा घोट मिळे. मग बंदुका साफ करणे, त्यांची तपासणी, न्याहारी, पायांची तपासणी. दिवसा डोके वर काढण्याची सोय नव्हती, कारण समोर नेमबाज टपलेले असत. म्हणून कप्प्यागणिक पहारेकरी ठेवून बाकीच्यांनी झोपावे असा नियम होता. प्रत्यक्षात ती झोप भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात, गुडघे पोटाशी घेऊन, येणारे-जाणारे पायांवरून चाललेले असताना तुकड्यातुकड्यांनी मिळे.

खरा कामाचा दिवस अंधार पडल्यावर सुरू होई. शिधा, पाणी, दारूगोळा, पोती, लाकूड, तारांची भेंडोळी हे सर्व मागून अरुंद जोडखंदकांतून माणसांच्या पाठीवरून येई. काही जण दोन्ही बाजूंच्या मधल्या उजाड पट्ट्यात सरपटत जाऊन काटेरी तारा दुरुस्त करत, काही गस्तीला जात, काही दिवसा कोसळलेली भिंत पुन्हा रचत. मध्येच प्रकाशाचे बाण आकाशात सुटत आणि असेल त्या अवस्थेत निश्चल उभे राहावे लागे, कारण हललेली आकृती लगेच दिसते. पहारेकऱ्याची पाळी बहुधा दोन तासांची असे आणि पहाऱ्यावर झोपणे हा लष्करी कायद्याने अत्यंत गंभीर गुन्हा होता. पत्रांत भुकेपेक्षा आणि भीतीपेक्षाही अधिक वेळा येणारी तक्रार कोणती असे मला विचाराल, तर मी झोपेचे नाव घेईन.

या ‘शांत’ दिवसांची नोंद कशी होई ते सांगतो, म्हणजे पुढेमागे आपण मूळ कागद पाहिलेत तर उपयोग होईल. ब्रिटिश आणि भारतीय पलटणींची रोजनिशी सी २११८ या छापील लष्करी नमुन्यावर लिहिलेली असते. त्यात ठिकाण, तारीख, वेळ, घडामोडींचा सारांश आणि शेरा असे रकाने असतात. पानेच्या पाने अशी असतात की ठिकाणाच्या रकान्यात ‘खंदक’, सारांशात ‘दिवस शांत’ आणि त्याच ओळीत एक ठार, दोन जखमी. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो दिवस खरोखर शांतच होता. अशा वरवर काहीच न घडलेल्या दिवसांत होणाऱ्या हानीला ब्रिटिश सेनामुख्यालय ‘वेस्टेज’ म्हणत असे आणि ती गृहीत धरूनच कुमक मागवली जाई. अधिकारी पडला तर त्याचे नाव लिहिलेले सापडते. साध्या शिपायांचा बहुधा नुसता आकडा असतो. मी विद्यार्थ्यांना अशी पाने वाचायला देतो तेव्हा मोठ्या लढाईची तारीख शोधू देत नाही. आधी सबंध महिना वाचा, पाऊस किती दिवस लिहिला आहे ते पाहा, आजारी पाठवलेल्यांचा आकडा कोणत्या आठवड्यात चढला ते पाहा, असे सांगतो.

पाऊस आणि आजारी यांचा हा संबंध म्हणजे मुख्यत्वे पायांची कथा आहे आणि ती नीट सांगितली पाहिजे. थंड पाण्यात किंवा ओल्या बुटांत पाय तासन्‌तास, दिवसेंदिवस राहिले की पायांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशींना रक्त कमी पोचते; त्यासाठी पाणी गोठण्याइतकी थंडी लागत नाही. आधी पाय बधिर होतो, मग पांढुरका किंवा निळसर पडून सुजतो. बूट काढून ऊब मिळाली की वेदना सुरू होतात, आणि त्या अशा असतात की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. पुढे फोड येतात, कातडी सुटते, मांस सडू लागले तर बोटे किंवा पाऊल कापावे लागते. यालाच ‘ट्रेंच फूट’ म्हणतात. १९१४-१५ च्या पहिल्या हिवाळ्यात एकट्या ब्रिटिश सैन्यात याचे सुमारे २०,००० रुग्ण झाले. त्या हिवाळ्यात खंदकांत गुडघाभर, कुठे मांडीपर्यंत पाणी होते, तळाला टाकायच्या लाकडी फळ्या पुरेशा नव्हत्या, पंप नव्हते, आणि पायांना घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या ओल्या होऊन आणखी आवळल्या जात.

यावर निघालेला उपाय मला फार बोलका वाटतो. औषध सापडले नव्हते. सापडली ती शिस्त. दोन-दोन शिपायांची जोडी लावून एकाने दुसऱ्याचे पाय कोरडे करून व्हेल माशाच्या तेलाने चोळायचे, कोरडे मोजे शिध्याबरोबर वर पाठवायचे आणि ओले खाली न्यायचे, अधिकाऱ्याने स्वतः कंदील धरून प्रत्येकाचे पाय पाहायचे. तुकडीत रुग्ण वाढले तर जाब अधिकाऱ्याला विचारला जाई. चोळल्याने पाय किती बचावत आणि तेवढ्या वेळापुरता बूट काढून पाय कोरडा झाल्याने किती, याबद्दल मतभेद होऊ शकतो. माझा कौल कोरड्या मोज्यांच्या बाजूने आहे, कारण मोजे पोचत होते तिथे आकडे उतरतात आणि जोरदार माऱ्यामुळे मागचा रस्ता बंद झाला की तेल असूनही चढतात. म्हणून पायांच्या रुग्णांचा आकडा मी एका अर्थाने तुकडीच्या प्रकृतीचा आणि तिच्या अधिकाऱ्यांच्या दक्षतेचा मापदंड मानतो, अर्थात जमीन आणि ऋतू सारखे असतील तरच. १९१७ च्या शरद ऋतूत बेल्जियममधील पॅशेंडेलजवळ तोफांच्या माऱ्याने शेतांतील पाणी काढून देणारे सगळे चर उद्ध्वस्त झाले आणि चिकणमातीची दलदल झाली. तिथे एका जखमीला उचलून आणायला नेहमीच्या चौघांऐवजी आठ-आठ माणसे लागत. तशा जागी कोणत्याही अधिकाऱ्याची दक्षता अपुरीच पडणार.

उवांचा त्रास सार्वत्रिक होता आणि त्यातून अधिकारीही सुटले नव्हते. त्या कपड्यांच्या शिवणीत अंडी घालत. शिपाई सदरा उलटा करून मेणबत्तीची ज्योत शिवणीवरून फिरवत, अंडी तडतडत जळत, आणि अंगाच्या उबेने उरलेली काही तासांत पुन्हा फुटत. विश्रांतीला गेल्यावर आंघोळीची सोय काही ठिकाणी बिअरच्या कारखान्यांतील मोठ्या पिंपांत केलेली असे आणि तेवढ्यात कपडे वाफेवर टाकले जात. या उवांमुळे एक ताप पसरे. तो उतरून काही दिवसांनी पुन्हा चढे, नडग्या असह्य दुखत आणि माणूस आठवडेच्या आठवडे निकामी होई. १९१५ मध्ये डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले, पण तो उवांमुळेच होतो हे निश्चित व्हायला १९१८ उजाडले. उंदीर-घुशी होत्याच; त्यांना मेलेल्यांचे मांस मिळत होते, एवढेच त्यांच्याविषयी सांगणे पुरे.

तरीही पश्चिम आघाडीवर ब्रिटिश सैन्यात रोगाने मेलेल्यांपेक्षा लढाईत मेलेले अधिक होते, आणि ही त्या काळी नवीन गोष्ट होती. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटिशांचे दोन तृतीयांशाच्या आसपास मृत्यू रोगांमुळे, मुख्यतः विषमज्वरामुळे झाले होते. त्यानंतर विषमज्वराची लस, पाण्यात घालायची क्लोरिनची पूड, शौचखड्ड्यांचे कडक नियम आणि धनुर्वाताची प्रतिलस या गोष्टी आल्या. शेणखताने पोसलेल्या त्या शेतजमिनीत धनुर्वाताचे जंतू मुबलक होते, त्यामुळे १९१४ च्या अखेरीपासून प्रत्येक जखमीला ही लस टोचणे सुरू झाले नसते तर किती जण साध्या जखमांनी दगावले असते याची कल्पनाच केलेली बरी.

खाण्याबाबत कागदावरचा ब्रिटिश शिधा चांगला होता: रोज सव्वा पौंड मांस, सव्वा पौंड पाव, शिवाय बेकन, चीज, मुरंबा, चहा, साखर. पुढच्या खंदकात पोचेपर्यंत त्याचे डबाबंद मांस आणि दगडासारखे बिस्कीट होई. पाणी पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांतून येई, त्यामुळे चहाला पेट्रोल आणि क्लोरिन अशा दोन्ही चवी असत. जर्मन सैनिकांची स्थिती समुद्री नाकेबंदीमुळे वर्षागणिक बिघडत गेली. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत बटाट्याचे पीक बुडाल्याने घरची माणसे सलगमवर दिवस काढत होती आणि ती बातमी पत्रांतून खंदकात पोचत होती.

तोफांबद्दल मात्र थांबून सांगितले पाहिजे. या युद्धातील बहुसंख्य जखमा तोफगोळ्यांच्या आणि त्यांच्या ठिकऱ्यांच्या होत्या. पहिले वर्षभर सैनिकांच्या डोक्यावर कापडी किंवा चामडी टोप्या होत्या. फ्रेंच आणि ब्रिटिश पोलादी शिरस्त्राणे १९१५ मध्ये येऊ लागली, जर्मनांचे १९१६ मध्ये आले. गोळीबाराला प्रत्युत्तर देता येते, हल्ल्यात निदान हातपाय हलवता येतात. माऱ्याखाली नुसते बसून राहावे लागते आणि पुढचा गोळा कुठे पडतो ते मोजत राहावे लागते. या असहायतेचा परिणाम १९१५ च्या आरंभी वैद्यकीय लिखाणात ‘शेल शॉक’ या नावाने नोंदला गेला. युद्धाच्या अखेरीपर्यंत ब्रिटिश सैन्यात असे सुमारे ८०,००० रुग्ण नोंदले गेले. वाचा जाणे, हात थरथरणे, आंधळेपण येणे अशी लक्षणे जखम नसताना दिसत. त्याच काळात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश व राष्ट्रकुल सैन्यांतील ३०६ जणांना गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडले. यांतील कित्येक जण आजारी होते असे मी मानतो, आणि त्यांचे कागद वाचताना आजही मन घट्ट करावे लागते.

मग माणसांनी हे सोसले कसे? देशप्रेम, शिक्षेचा धाक, धर्मश्रद्धा हे सर्व होते, पण त्यांतल्या एकानेच सगळा उलगडा होतो असे मला कधी वाटले नाही. पत्रे वाचताना जे पुन्हा पुन्हा दिसते ते असे: आपल्या कप्प्यातील आठ-दहा माणसे, त्यांच्यासमोर मान खाली जाऊ नये ही भावना, पाळी संपण्याची तारीख, गरम जेवण आणि घरचे पत्र. ब्रिटिश लष्करी टपाल भर काळात आठवड्याला सव्वा कोटीच्या आसपास पत्रे पोचवत होते. जहाजात दारूगोळ्याला जागा अपुरी पडत असताना पत्रांसाठी ती राखून ठेवली जात होती, यावरून सेनापतींना पत्रांचे महत्त्व किती होते ते दिसते. याची दुसरी बाजू फ्रेंच सैन्यात दिसली. एप्रिल १९१७ मधील फ्रेंच सरसेनापती नीव्हेल यांचा हल्ला फसल्यावर फ्रेंच डिव्हिजनांपैकी जवळजवळ निम्म्यांत आज्ञाभंग झाला. बहुतेक शिपाई खंदक सोडायला निघाले नव्हते. खंदक राखू, पण निष्फळ हल्ल्याला जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि रजा व अन्न या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. पेतँ यांनी काही जणांना मृत्युदंड दिला, पण रजा नियमित केल्या, जेवण सुधारले आणि तसे हल्ले थांबवले. सैन्य सावरले यात शिक्षेपेक्षा या तीन गोष्टींचा वाटा मोठा होता असे माझे मत आहे.

आता आपल्या पणजोबांकडे येतो. हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून मार्सेय बंदरात उतरू लागल्या आणि ऑक्टोबरमध्येच बेल्जियम-फ्रान्सच्या आघाडीवर तुकड्यातुकड्यांनी उभ्या केल्या गेल्या. अनेकांच्या अंगावर अजून उष्ण हवामानाचे सुती कपडे होते. मराठा पायदळाच्या पलटणी त्यांत नव्हत्या, परंतु खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या, २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव शापेल गाव परत घेण्यासाठी ४७ व्या शीख पलटणीबरोबर या कंपन्यांना पायदळासारखे हल्ल्यात उतरवले गेले आणि त्यांची जबर हानी झाली. खणणे, बांधणे, सुरुंग लावणे हे ज्यांचे कसब, अशी माणसे इतक्या लवकर गमावल्याची किंमत पुढच्या हिवाळ्यात सगळ्या दलाला मोजावी लागली, कारण हातबॉम्बसुद्धा तेव्हा याच लोकांनी मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांतून तयार करायचे होते. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवून मुख्यतः मेसोपोटेमियात नेण्यात आले. घोडदळ मात्र १९१८ पर्यंत तिथे होते.

या शिपायांच्या पत्रांचे इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहेत, पण ते वाचताना सावध असावे. पत्र बहुधा दुसऱ्याकडून लिहून घेतलेले असे, घरी ते गावात मोठ्याने वाचले जाणार हे ठाऊक असे, आणि मध्ये सेन्सॉरचा अधिकारी असे. तो जे उतरवून घेई तेवढेच आज आपल्यापुढे आहे. हे जाणून शिपाई आडवळणाने लिहीत: काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरी वापरतात, म्हणजे हिंदी सैनिक पडले आणि गोरे पुढे आणले. तेव्हा पत्रात तक्रार नाही म्हणून दुःख नव्हते असे समजू नये.

घरात ‘फ्रान्स’ म्हणत असले तरी मराठा पलटणीतील माणूस असेल तर तो मेसोपोटेमियात असण्याचा संभव अधिक, हेही लक्षात घ्यावे. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत टायग्रिस नदीकाठी कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या होत्या. मी वर पाळ्यांबद्दल एवढे लिहिले त्याचे कारण इथे कळते. कुतमध्ये मागे जायला गावच नव्हते. राखीव जागाही तोफांच्या टप्प्यात होती. जानेवारीत नदीला पूर येऊन दोन्ही बाजूंचे पुढचे खंदक बुडाले. शिधा महिन्यामहिन्याने घटत गेला आणि भाजीपाला संपला. तिथले वरिष्ठ डॉक्टर कर्नल पॅट्रिक हेहिर यांच्या निरीक्षणांतून एक विलक्षण गोष्ट दिसते: गोरे सैनिक घोड्याचे मांस खात म्हणून त्यांना स्कर्व्ही (ताज्या अन्नाअभावी होणारा रोग) फारशी झाली नाही, पण पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी (धान्याच्या कोंड्यातील जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग) झाली, हिंदी सैनिक कोंड्यासकट आटा आणि सातू खात म्हणून बेरीबेरीतून वाचले, पण मांस बहुतेकांनी नाकारल्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. त्यांच्या जखमा भरत नव्हत्या आणि हिरड्यांतून रक्त येत होते. मांस खाण्यास हरकत नाही अशी धर्मगुरूंची संमती हिंदुस्थानातून तारेने मागवण्यात आली, तरी बहुतेकांनी एप्रिल लागेपर्यंत ते खाल्ले नाही. गावात आपली निंदा होईल ही भीती त्यांना होती, आणि खंदकात बसलेल्या माणसाला गाव किती जवळ वाटत असते हे त्यावरून कळते. शरण आल्यानंतरच्या कूचांत आणि बंदिवासात यांतील हजारो जण मेले.

म्हणून पुढचा शोध घरातील पदकापासून सुरू करा. तारेच्या आकाराचे पदक असेल तर त्यावर कोणते साल आहे ते पाहा: नुसते १९१४ असेल तर ते ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांनाच मिळत असे, म्हणजे आपल्या पणजोबांनी तो पहिला हिवाळा बहुधा पाहिला असणार. १९१४-१५ असे असेल तर मेसोपोटेमियासह अनेक आघाड्या शक्य आहेत. ताऱ्याच्या मागे आणि गोल पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते; भिंगातून पाहिल्यास झिजलेली अक्षरेही वाचता येतात, पण पदक घासून चकचकीत करू नका, त्याने तीच अक्षरे जातात. गोल युद्धपदक चांदीऐवजी काशाचे निघाले तर ते श्रमिक दलात किंवा सैन्याबरोबरच्या बिगरलढाऊ सेवकांत असण्याची शक्यता आहे, आणि मग शोधायचे कागद वेगळे. पलटणीचा क्रमांक मिळाला की त्या पलटणीची रोजनिशी मिळवता येते. तिच्यात त्यांचे नाव सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. ते कोणत्या महिन्यात कोणत्या खंदकात होते आणि तिथे तेव्हा पाणी किती होते, एवढे मात्र ती नक्की सांगते.